घेतलेला दोर

ठेव बरं तो फोन खाली. दादाची गाडी यायची तेव्हा येईल. तू ठिपक्याकडे डोळे लावून बसलीस म्हणून ती लवकर पोचणार आहे का? पुलावर आला, वळला, सिग्नलला थांबला... अगं, थांबू दे की त्याला! माणूस घरात आला म्हणजे आला. ठिपका आला म्हणजे काही कोणी आलेलं नसतं.

हसा, हसा. मागच्या नोव्हेंबरपर्यंत मीही हसायचो.

सांगतो. पण माझ्या अटी आहेत. मधेच ‘मग काय झालं, मग काय झालं’ करायचं नाही. आणि घाबरलात तर रात्री माझ्या खोलीत यायचं नाही, मला घोरायला मोकळीक लागते. हा दिवा राहू दे. तो दुसरा मालव.

हे माझ्यावर नाही बेतलं. आमच्या साडूंवर बेतलं. तुमच्या काकूच्या धाकट्या बहिणीचे यजमान. ताईच्या लग्नात पाहिलंय तुम्ही त्यांना. उंच, हाडकुळे, आणि फोटो काढताना ‘तुम्ही दोन पावलं पुढे, तुम्ही जरा डावीकडे घ्या’ करून सगळ्यांना वैताग आणला होता ते. सवयच होती त्यांना. सारा जन्म टगवर गेला. टग म्हणजे बंदरातली छोटी पण दांडगी बोट. मोठ्या जहाजाला दोर लावून ओढायचं, ढकलायचं, धक्क्याला नीट लावून द्यायचं, हे तिचं काम. साडू तिच्या डेकवर दोर सांभाळायचे. हाताचे तळवे नुसते चामड्याचे झाले होते.

निवृत्त झाले, पण जीव तिथेच. मग त्यांना ते बोटी दाखवणारं ॲप सापडलं. झालं! सकाळी दात घासायच्या आधी कुठली टग कुठे आहे ते बघायचं. ठिपक्यावर बोट ठेवलं की बोटीची सगळी कुंडली समोर. लांबी, रुंदी, पाण्यात किती खोल बसते, या क्षणी वेग किती, तोंड कुठल्या दिशेला, मोकळी चालली आहे की काही ओढते आहे. आमची मेहुणी म्हणायची, “माझा वाढदिवस विचारा यांना, आठवायचा नाही. टगची लांबी मात्र झोपेत सांगतील.” त्यावर साडू म्हणायचे, “तुझीही माहिती आहे मला. साड्यांच्या दुकानातून तुला हलवायचं तर दोन टग लागतात.”

त्यांचा एकुलता एक मुलगा त्याच बंदरात, त्याच कामाला लागला. ज्या टगवर बापाने अखेरची वर्षं काढली, तिच्याच डेकवर. म्हणजे तो ठिपका नुसता छंद नव्हता. त्या ठिपक्यात पोरगा होता.

आता रात्र नीट लक्षात घ्या. नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. आकाशात चंद्र नाही, वारा अगदी मंद, थंडी नुकती पडायला लागलेली. रविवारी मुलाची वरच्या जागेची परीक्षा होती, दुसऱ्या शहरात, आणि पहाटेची बस पकडायची होती. टग बाहेरच्या खोल पाण्यात एक जहाज सोडून मध्यरात्रीनंतर परत यायची होती. त्या वेळी धक्क्यावर रिक्षा मिळत नाही. म्हणून बापाने स्कूटर घेऊन जायचं आणि पोराला थेट घरी आणायचं असं ठरलं. मेहुणी म्हणाली, “ठिपका बघून निघा हो. उगाच थंडीत ताटकळू नका. आणि त्याला म्हणावं, अंघोळीचं पाणी तापवून ठेवते.”

साडू ठिपका बघूनच निघाले. गोदामांच्या लांबलचक भिंती, मधे मधे पिवळे दिवे, रस्त्यावर चिटपाखरू नाही. फाटकाशी रखवालदार ओळखीचा, त्यांच्याच वयाचा. त्याच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि चहाचा थर्मास. दोघांनी चहा घेतला, गुडघ्यांची चौकशी केली, पेन्शनला शिव्या घातल्या. मग साडू फोन टेबलावर उभा करून बसले.

टग खाडीच्या तोंडापाशी आली होती. लांबी अठ्ठावीस मीटर, वेग नऊ नॉट, मोकळी. इतक्यात पोराचा फोन आला, किनारा जवळ आल्यामुळे आता रेंज होती.

“बाबा, आलात पण? अहो, पाऊण तास आहे अजून!”

“असू दे रे. इथे रखवालदारकाका चहा पाजतायत. अभ्यास झाला का?”

“झाला. तुम्ही विचारू नका, म्हणजे झालं.”

दोघंही हसले. इथपर्यंत सगळं असं होतं बघा... आपण आत्ता बसलोय तसं.

थोड्या वेळाने साडूंनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. ठिपक्याखाली ‘मोकळी’ होतं, तिथे आता ‘ओढत आहे’ असं दिसत होतं.

त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. ते टगच्या मास्टरला, म्हणजे कप्तानाला, हाताने बदलावं लागतं, आणि सगळे विसरतात. काम झाल्यावर दोन-दोन दिवस ‘ओढत आहे’ असं मिरवत धक्क्याला बांधलेल्या टगा त्यांनी पाहिल्या होत्या. फक्त हे उलटं होतं. आधी मोकळी होती, आणि मधेच कोणीतरी बदललं होतं. साडूंनी पोराला फोन लावला.

“काय रे, तुमच्या मास्टरला झोप आली का? काय ओढताय?”

“काही नाही. रिकामे येतोय.”

“इथे ओढताय म्हणून दिसतंय.”

“थांबा, सांगतो त्यांना.” मग लांबून बोलणं ऐकू आलं, कोणीतरी काहीतरी म्हणालं. “बाबा, मास्टर म्हणतायत त्यांनी हातच लावला नाही. आता बदललंय.”

पडद्यावर ‘मोकळी’ आलं. साडूंनी थर्मासमधला उरलेला चहा ओतला. पेला ओठाला लावेपर्यंत पुन्हा ‘ओढत आहे’.

आणि वेग सात.

मग सहा.

रखवालदार म्हणाला, “भाऊ, मशीन बिघडलं असेल. तुमच्या त्या फोनचं काय खरंय?” साडू लांबीच्या आकड्याकडे बघत होते. अठ्ठावीस होता तिथे आता नव्वद होता.

लांबी वाटेल त्याला बदलता येत नाही. यंत्र बसवणारा कारागीर येतो, त्याच्याजवळ गुप्त आकडा असतो, तो घालून एकदाच भरतो. टगवर तो आकडा कोणालाच माहीत नसतो. पण टगच्या मागे एखादं मोठं धूड बांधलेलं असलं, की टग आणि ते धूड मिळून लांबी किती, हे सांगायची पद्धत आहे. म्हणजे आता कोणीतरी... कोणीतरी ते रीतसर सांगत होतं.

एकशे चाळीस.

फोन लावला. या वेळी पोराचा आवाज हसरा नव्हता.

“बाबा, इंजिन पूर्ण लावलंय. टग पुढे जात नाहीये. मास्टर म्हणतायत जाळं अडकलं असेल पंख्यात. मी मागे बघायला आलोय.”

“मग? काय दिसतंय?”

“पाणी.”

“टॉर्च मार.”

“मारलाय. पाणीच आहे.” मग बुटांचा आवाज. “बाबा... हूक उभा आहे.”

तुम्हाला हे कळायचं नाही, म्हणून सांगतो. टगच्या मागच्या डेकवर माणसाच्या मांडीएवढा जाड लोखंडी हूक असतो. ओढायचा दोर त्यात अडकवतात. दोर नसला की हूक मान टाकून पडलेला असतो. दोराला ओझं आलं की तो उठतो, ताठ होतो, आणि ओझं जिकडे असेल तिकडे तोंड करतो.

“उभा म्हणजे?”

“ताठ आहे. मागे तोंड करून. हाताने ढकलला, हलत नाही.”

“दोर कुठाय?”

“दोर गुंडाळून ठेवलेला आहे, बाबा. मी त्याच्यावरच उभा आहे.”

साडू खुर्चीतून उठले. खोलीच्या बाहेर आले. धक्क्याच्या टोकाकडे चालत गेले, कारण दुसरं करण्यासारखं होतं तरी काय? त्यांच्या हातात होता एक फोन. पोरगा समुद्रावर, हा माणूस दगडी धक्क्यावर, मधे नुसतं काळं पाणी. सगळी माहिती समोर होती बघा. पोरगा नेमका कुठे आहे, किती वेगात आहे, कुठल्या दिशेला तोंड आहे, सगळं. आणि त्या माहितीचा काडीचा उपयोग नव्हता. मला हे सांगताना ते म्हणाले होते, “त्यापेक्षा आंधळा असतो तर बरं झालं असतं हो.”

टोकाला आल्यावर टग डोळ्यांनी दिसली. लांबवर तिचे दिवे. बोटींच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना पाण्यात पिंप सोडलेली असतात, त्यांच्यावर एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरवे दिवे, लुकलुकणारे. त्या दोन ओळींच्या मधून टग येत होती. हळू. फार हळू. रखवालदार मागून आला आणि बाजूला उभा राहिला.

“भाऊ,” तो म्हणाला, “तो मागचा लाल दिवा गेला का हो?”

गेला होता. लुकलुकायचा थांबला नव्हता, नाहीसाच झाला होता. मग त्याच्या पुढचा गेला. मग पलीकडचा हिरवा. आणि बऱ्याच वेळाने, पहिला लाल पुन्हा दिसायला लागला.

दिवे विझत नव्हते. दिव्यांच्या आडून काहीतरी जात होतं. टगच्या मागे, टगच्याच वेगाने. वर पाहिलं तर तेवढ्या भागात चांदण्याही नव्हत्या.

“बाबा!” फोनमध्ये पोरगा. “हूक वळतोय.”

“कुठे?”

“डावीकडे... डावीकडे सरकतोय. टग कलतेय.”

टग मरते ती अशीच. मागचं ओझं सरळ असेल तोवर ठीक. ते आडवं ओढायला लागलं, की पापणी लवायच्या आत टग उलटी होते, आणि आतल्या माणसांना दार सापडत नाही. म्हणून हुकाला एक दांडा असतो. दांडा हाणला की हूक उघडतो आणि ओझं सुटतं. पण हादऱ्यांनी हा दांडा आपोआप पडतो, भर कामात दोर निसटतो. मग डेकवरची माणसं काय करतात? दांड्याला तार गुंडाळून ठेवतात. करू नये म्हणून सगळ्यांना माहीत, आणि सगळे करतात. साडू आयुष्यभर करत आले होते.

“दांडा मार! बाळा, दांडा मार!”

“तार आहे हो!”

“तोड! कुऱ्हाड घे, काय मिळेल ते घे, तोड ती तार!”

फोन कुठेतरी पडला. मग घाव ऐकू आले. एक. मग काहीच नाही. मग दोन लागोपाठ. इंजिनाचा आवाज वर चढत गेलेला. कोणीतरी ओरडलं. तो पोराचा आवाज होता का, ते साडूंना ओळखू आलं नाही.

पडद्यावर वेग शून्य.

लांबी... लांबीच्या जागी काहीच नाही.

मग धाड्कन लोखंड पडल्याचा आवाज.

आणि शांतता.

“बाबा.” पोरगा धापा टाकत होता. “पडला. हूक पडला. टग सरळ झाली.”

साडू मटकन धक्क्यावर बसले. फोन दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि रडले. मोठा माणूस, पण लहान मुलासारखे रडले, तेही त्यांनी माझ्यापासून लपवलं नाही. पडद्यावर पुन्हा अठ्ठावीस मीटर. मोकळी. वेग चार, सहा, आठ. टग वळली आणि बाजूच्या उथळ पाण्यातून, लांबचा वळसा घेऊन, धक्क्याच्या दुसऱ्या अंगाला यायला निघाली. रखवालदार कचेरीत फोन करायला म्हणून फाटकाकडे धावला.

साडू एकटे राहिले.

आणि तेव्हा त्यांना सुचलं. आधी सुचायला हवं होतं, पण पोराच्या जिवापुढे सुचतं कोणाला? ओढत आणलेलं धूड सोडून दिलं, तरी ते थांबत नाही. त्याला वेग असतो. तो वेग मरेपर्यंत ते येतच राहतं. ज्या दिशेला ओढत आणलं, त्या दिशेला. हूक उघडला तेव्हा टगचं तोंड धक्क्याकडे होतं.

त्यांनी पडदा पाहिला. पोराचा ठिपका होता. दुसरा ठिपका नव्हता.

मग समोर पाहिलं.

समोर एकही दिवा नव्हता.

आवाज नाही. पाण्याचासुद्धा नाही. लाटा धक्क्याला लागत होत्या त्या लागायच्या थांबल्या, जशा मोठं जहाज बाजूला आलं की थांबतात. वाऱ्याची झुळूक थांबली. पुढ्यात काहीतरी उभं होतं. उंच. हात लांब केला असता तर...

साडूंनी हात लांब केला नाही.

टप्.

पायाशी काहीतरी पडलं.

आता ऐका. जहाज धक्क्याजवळ आलं की जहाजावरचा माणूस एक पातळ दोरी फेकतो. टोकाला वजनदार गाठ असते. धक्क्यावर जो कोणी असेल त्याने ती घ्यायची. तिला पुढे जाड दोर बांधलेला असतो, तो ओढून घ्यायचा आणि धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्यात अडकवायचा. कोणाचं जहाज, कुठून आलं, मित्र की शत्रू, काही विचारायचं नाही. फेकलेली दोरी पाण्यात पडू द्यायची नाही, बस्स. फेकणारा आधी हाक मारतो. या वेळी हाक आली नव्हती.

पण चाळीस वर्षं ज्याने दुसरं काही केलं नाही, त्याचे हात हाकेसाठी थांबतात होय?

साडू सांगायचे, “मी घेतली नाही हो. हातांनी घेतली.” दोरी उचलली. ओढायला लागले. हातावर हात, हातावर हात. डोकं ओरडत होतं, टाक ती, टाक ती. हात ऐकेनात. जाड दोर वर आला. हल्लीचे दोर हलके असतात, प्लास्टिकचे. हा केसाळ होता, जुन्या काळचा, काथ्याचा. पाण्यातून वर आला आणि कोरडा होता. त्याचा फास त्यांनी उचलला, दोन पावलं टाकली, आणि शेवटच्या खुंट्याच्या डोक्यावरून खाली घातला. नीट. जसा घालतात तसा.

दोर ताणला गेला. खुंटा कण्हला.

आणि मग कळलं, आपण काय केलं ते.

टग दुसऱ्या अंगाला लागली. पोरगा उडी मारून धावत आला. त्याला बाप दिसला, खुंट्याशी उभा, दोन्ही तळव्यांची सालटं निघालेली, रक्त गळतंय. बाकी काही दिसलं नाही. समोर मोकळं पाणी, लाल दिवे, हिरवे दिवे, सगळे जागच्या जागी. खुंट्यावर दोर नव्हता.

“बाबा, चला. झालं सगळं. चला घरी.”

तो पुढे आला तसे साडू किंचाळले, “दोराच्या रेषेत उभा राहू नकोस!”

आणि पोरगा मागे सरला. दोर नव्हता तरी सरला. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही, तुटला तर माणूस कापला जातो, हे तोही पहिल्या दिवशीच शिकलेला होता. मला म्हणाला, “काका, त्या जागेवर पाऊल टाकवेचना.”

कसंबसं घरी आणलं त्यांना. परीक्षा राहिली. मेहुणीने हाताला मलम लावलं, दूध पाजलं, निजवलं. दुसऱ्या रात्री अंथरूण रिकामं. स्कूटर घेऊन गेलेले. पोरगा मित्राच्या गाडीने मागे गेला, तर हे त्या खुंट्याशी पोत्यावर बसलेले.

तेव्हापासून रोज. डॉक्टर झाले. मनाच्या डॉक्टरांकडेही नेऊन आणलं, त्यांनी गोळ्या दिल्या, त्या यांनी शहाण्यासारख्या घेतल्या आणि रात्री पुन्हा धक्क्यावर. मेहुणीने दाराला कुलूप लावून पाहिलं. दारापाशी बसून इतके रडले की तिनेच उघडलं. मला बोलावून घेतलं तिने. मोठा म्हणून माझं ऐकतील असं तिला वाटलं. मी गेलो, बसलो त्यांच्या शेजारी. म्हटलं, “अहो, वेड लागलंय का तुम्हाला? बायको तिकडे झुरतेय.”

म्हणाले, “दोर घेतलाय मी. ज्याने घेतला त्याने सुटेपर्यंत उभं राहायचं.”

“मग सोडा की! काढा फास आणि टाका पाण्यात. मी करू का?”

माझा हात धरला त्यांनी. केवढा जोर होता त्या हाताला! म्हणाले, “सोडला तर ते कुठे जाईल? त्याला इथवर कोणी ओढत आणलं? ते पुन्हा त्या टगलाच शोधेल. पोरगा आहे हो तिच्यावर.”

“मग पोराला नोकरी सोडू दे.”

“सांगितलं. सोडतोही म्हणाला. पण हूक उघडला त्याने. टगला शोधेल की त्याला, ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे का?”

मी माझी शाल काढून त्यांच्या खांद्यावर टाकली. सगळी थंडी तो माणूस तिथे बसून राहिला. आम्ही घोंगडी दिली, रखवालदार चहा द्यायचा. बाकी आम्हाला कोणाला काही करता आलं नाही, हे खरं. जानेवारीत छातीत कफ झाला, दवाखान्यात ठेवलं. शेवटच्या दिवशीसुद्धा पोराला विचारत होते, “दोर बघून आलास का? ढिला नाही ना झाला?” तो म्हणाला, “नाही बाबा. पक्का आहे.” फेब्रुवारीत गेले.

ते गेल्यावर आठवड्याभराने मी मेहुणीकडे होतो. मध्यरात्री बाहेरचं दार वाजलं. पाहतो तर पोरगा पायात बूट घालतोय. मी स्कूटरवर त्याच्या मागे बसलो.

धक्क्यावर कोणी नव्हतं. कडाक्याची थंडी. तो त्या खुंट्याशी जाऊन बसला, बाप बसायचा त्याच जागी. दोराच्या रेषेच्या जरा बाजूला. समोर पाणी, लाल दिवे, हिरवे दिवे. सगळे दिसत होते. मीच दोनदा मोजले.

“अरे,” मी म्हटलं, “तुला तरी दिसतो का तो दोर?”

“नाही, काका.”

“मग?”

तो म्हणाला, “तुम्ही व्हा पुढे. मी बसतो थोडा वेळ.”

माझ्याच्याने बसवेना. उठताना गुडघे धरतात माझे, म्हणून आधाराला खुंट्यावर हात ठेवला... आणि झटकन काढून घेतला. पोराला काही बोललो नाही. परत येताना वाटेतल्या एकेका खुंट्याला हात लावून पाहिला. दुसरा. तिसरा. शेवटपर्यंत सगळे. नुसते बर्फ होते, वर दव साचलेलं.

तो एकच खुंटा कोरडा होता. आणि गरम होता. दोर घासून होतो तसा.